सेन्सरपुढची काच

काशीत पंचगंगा घाटाच्या उत्तरेला दुर्गाघाट लागतो आणि त्याला चिकटून ब्रह्माघाट. हे दोन्ही घाट अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकरांनी बांधवले. पेशव्यांच्या घरात दीक्षितांना गुरूचा मान होता. पुढे घाटामागच्या गल्ल्यांत मराठी वैदिकांची बिऱ्हाडं वाढली, वाडे उठले, दत्ताचं मंदिर झालं, आणि आजही भाद्रपदात तिथे मराठी रीतीने गणपती बसतो. या प्रकरणात मात्र मला ब्रह्माघाट एका वेगळ्याच कामासाठी हवा आहे. रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या जुन्या लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर बसवल्या, की त्या लेन्सची आणि आपल्या हातकामाची जी जी परीक्षा घ्यावी लागते, ती सगळी या एका घाटावर घेता येते. समोर नदीपार वाळूचा मोकळा काठ आहे, म्हणजे लेन्सच्या भाषेत अनंत अंतर. दोन्ही बाजूंना चित्राच्या कडेपर्यंत धावणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. घाटाचं तोंड उगवतीकडे असल्यामुळे सकाळचा सूर्य थेट लेन्समध्ये शिरतो. आणि मागे वळून गल्लीत शिरलं, की भर दुपारीही उजेड जेमतेम आणि मागे सरकायला जागा नाही.

आधी या लेन्स हव्यात कशाला, ते सांगायला हवं. १९२५ साली ऑस्कर बार्नाकच्या आराखड्यावरचा लायका कॅमेरा बाजारात आला आणि ३५ मिलिमीटरच्या सिनेमा फिल्मवर स्थिरचित्रं काढण्याची पद्धत रूढ झाली. १९३२ मध्ये झाइस इकॉनचा कॉन्टॅक्स आला. अशा रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा नसतो. नेम धरायची खिडकी वेगळी असते. लेन्सच्या पाठीमागचा दांडा पुढेमागे होतो, त्याबरोबर खिडकीतल्या दोन प्रतिमा एकमेकींवर सरकतात, आणि त्या जुळल्या की फोकस झाला. आरसा नाही म्हटल्यावर लेन्स घडवणाऱ्याला एक मोठी मोकळीक मिळाली : मागची काच फिल्मच्या अगदी जवळ नेता येते. लुडविग बेर्टेले या आराखडाकाराने १९५१ मध्ये झाइसच्या बिओगोन या रुंद लेन्सचं जे रूप सिद्ध केलं, ते या मोकळिकीचं सर्वांत देखणं फळ. त्यात मधल्या पडद्याच्या पुढे आणि मागे जवळजवळ सारख्याच काचा आहेत, आणि या समतोलामुळे पुढच्या अर्ध्या भागातला वाकडेपणा मागचा अर्धा भाग खोडून काढतो. एकवीस मिलिमीटरची इतकी रुंद नजर असूनही पायऱ्यांची सरळ ओळ चित्रात सरळच राहते.

आरशाच्या कॅमेऱ्याला हे सुख नाही. आरसा वर उचलला जायला जागा लागते, म्हणून रुंद लेन्सची मागची काच लांब ठेवावी लागते आणि त्यासाठी पुढे मोठमोठ्या अंतर्वक्र काचा घालाव्या लागतात. त्यातूनही उत्तम लेन्स झाल्या, पण त्यांचं वजन, आकार आणि सरळ रेषांचं वागणं, तिन्ही वेगळं. जुनी बिओगोन किंवा लायकाची छोटी ३५ मिलिमीटर लेन्स मुठीत मावते आणि गल्लीत समोरच्या माणसाच्या अंगावर येत नाही. मला हा गुण फार मोठा वाटतो.

आता मूळ अडचणीकडे येऊ. प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्स जिथे टेकते त्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. लायकाच्या जुन्या, ३९ मिलिमीटर व्यासाच्या पेचाच्या माउंटला ते २८.८ मिलिमीटर आहे. १९५४ च्या एम माउंटला २७.८. एक मिलिमीटरचा हा फरक मुद्दाम ठेवलेला होता. त्यामुळे एक मिलिमीटर जाडीची चकती लावली की जुन्या पेचाची लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बिनचूक बसते. आरशाच्या कॅमेऱ्यांचं अंतर बरंच मोठं आहे : निकॉन एफ माउंटला ४६.५, कॅनन ईएफला ४४. रेंजफाइंडरची लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर नुसती टेकवली तरी ती सेन्सरपासून १८.७ मिलिमीटर जास्त लांब राहते. पन्नास मिलिमीटरची लेन्स अशी लावली, तर अनंतावर ठेवूनही ती जेमतेम १८ सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट दाखवते. ब्रह्माघाटावर उभं राहून तिच्यातून फार तर हातातला दिवा टिपता येईल.

मग आरसाच काढून टाकला तर? काहींनी ते करून पाहिलं आहे. आरसा काढायचा, आरशाची पेटी कापायची, लेन्स आत नेण्यासाठी माउंटचं कडं खाली बसवायचं. त्यात नेम धरायची खिडकी आंधळी होते, ऑटोफोकस जातो, आणि पडदा उघडायच्या यंत्रणेजवळ पातं चालवावं लागतं. इतकं करूनही मागे उरतो तो शेवटी मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेराच. मी ही वाट कोणाला सुचवणार नाही. शिवाय फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्याच्या पोटातला कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही भरलेला राहतो आणि जबर झटका देतो.

पहिलं समाधानकारक उत्तर उलट्या बाजूने आलं. २००४ मध्ये जपानच्या एप्सनने कोसिना कंपनीच्या मदतीने आर-डी१ हा कॅमेरा काढला. कोसिनाच्या व्हॉइग्टलेंडर बेसा या फिल्मच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याचा सांगाडा घेतला आणि फिल्मच्या जागी सहा मेगापिक्सेलचा सेन्सर बसवला. म्हणजे डिजिटल कॅमेरा लेन्सकडे नेण्याऐवजी लेन्सचंच घर डिजिटल केलं. शटर ताणायला त्याला फिल्मसारखीच तरफ आहे, आणि माथ्यावर घड्याळासारखे काटे बॅटरी नि शिल्लक चित्रं दाखवतात. दोन वर्षांनी लायकाने एम८ आणला, २००९ मध्ये ३५ मिलिमीटर फिल्मच्या पूर्ण आकाराचा सेन्सर असलेला एम९. ही यंत्रं उत्तम होती, पण हौशी माणसाच्या आवाक्याबाहेर.

वाट सगळ्यांना खुली झाली ती आरसाच नसलेल्या कॅमेऱ्यांमुळे. २००८ मध्ये पॅनासॉनिकचा जी१, २०१० मध्ये सोनीचे नेक्स, आणि २०१३ मध्ये पूर्ण आकाराच्या सेन्सरचा सोनी ए७. सोनीच्या ई माउंटचं अंतर फक्त १८ मिलिमीटर. एम लेन्सला हवं २७.८. मधल्या ९.८ मिलिमीटरची धातूची एक नळी केली की काम झालं. आत काच नाही, तार नाही. हाच तो अॅडाप्टर.

काम झालं असं वाटतं खरं, पण घाटाची पहिली परीक्षा इथेच लागते. ही नळी ०.१ मिलिमीटरने जाड निघाली तर काय होतं, याचा हिशेब सोपा आहे : लेन्सच्या फोकल लांबीचा वर्ग करून त्याला जाडीतल्या चुकीने भागायचं. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सला २५,००० मिलिमीटर, म्हणजे २५ मीटर. फोकसची कडी अनंताच्या खुणेवर टेकली तरी लेन्सची नजर २५ मीटरवर थांबते, आणि नदीपारची वाळू उघड्या अॅपर्चरला कधीच लखलखीत येत नाही. २८ मिलिमीटरच्या लेन्सची नजर तर आठ मीटरच्याही अलीकडे अडते. म्हणून अॅडाप्टर करणारे नळी मुद्दाम किंचित पातळ ठेवतात. मग कडी अनंताच्या थोडी पलीकडे जाते, पडद्यावर प्रतिमा मोठी करून आपण हाताने अचूक जागा शोधतो, आणि फोटो चांगला येतो. पण लेन्सवर कोरलेले मीटरचे आकडे तेव्हा खोटे ठरतात. गर्दीत न बघता तीन मीटरवर कडी ठेवून चित्र टिपायची ज्याला सवय आहे, त्याचं नुकसान होतं. त्याने अॅडाप्टर मोजून घ्यावा, आणि पातळ निघाला तर कड्याखाली पितळी पत्र्याची पातळ चकती घालून भर काढावी. नदीपारचा काठ स्पष्ट दिसतो तेव्हा कडी बरोबर अनंतावर आहे का, एवढंच पाहायचं.

हे काम कोल्हापूरकरांना परकं नसावं. बाबूराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवायचा ध्यास घेतला होता. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला, आणि १९२० मध्ये त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. परदेशी कारखान्याचा नकाशा हाताशी नसताना लेन्स आणि फिल्म यांच्यातलं अंतर धातूत पक्कं करणं ही केवढी करामत आहे, हे अॅडाप्टरच्या दहाव्या हिश्श्याशी झगडलेल्या माणसाला चटकन कळतं.

अंतर जुळलं, अनंत मिळालं, चित्राचा मध्य सुरेख आला. आता एकवीस मिलिमीटरची जुनी लेन्स लावून पायऱ्यांकडे पाहू. कडेला चित्र विरघळलेलं दिसतं. अॅपर्चर लहान केलं तरी पूर्ण सुधारत नाही. त्यातही गंमत अशी की कार्तिकात पंचगंगा घाटाकडे आकाशदिव्यांसाठी उभारलेले उंच बांबू डाव्या-उजव्या कडेला फार धूसर होतात, आणि त्याच कडेच्या आडव्या पायऱ्या मात्र त्या मानाने टिकून राहतात. दोष लेन्सचा म्हणावा तर हीच लेन्स फिल्मवर कडेपर्यंत नीट चालते. मग फरक कुठे पडला?

फिल्मवर प्रकाश हवेतून थेट पडतो. सेन्सरच्या पुढे काच असते. तिच्यात अवरक्त किरण अडवणारा थर असतो, पुष्कळदा बारीक जाळीदार नक्षीचा गोंधळ टाळण्यासाठी आणखी एक थर, आणि धूळ झटकायला थरथरणारी काच. ए७ मध्ये हा सगळा थर साधारण २ मिलिमीटरचा आहे. जी१ सारख्या मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्यांत साधारण ४, लायकाच्या एम कॅमेऱ्यांत १ मिलिमीटरच्याही आत. सपाट काचेतून जाणारा प्रकाश काचेच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांशाने मागे सरकून एकवटतो. २ मिलिमीटरला हे सरकणं सुमारे ०.६७ मिलिमीटर. कॅमेरा बनवणारा हे धरूनच सेन्सर बसवतो, त्यामुळे मध्याला काही बिघडत नाही.

कडेला बिघडतं, कारण तिरपा किरण काचेत जास्त लांब प्रवास करतो. एकवीस मिलिमीटरच्या समतोल लेन्सचे किरण चित्राच्या बाजूच्या कडेला सुमारे ४० अंशांनी तिरपे येतात. काचेचा अपवर्तनांक १.५ धरून हिशेब केला, तर एका पातळीतले किरण मध्यापेक्षा ०.२ मिलिमीटर मागे एकवटतात आणि त्यांना काटकोनातल्या पातळीतले तब्बल ०.५ मिलिमीटर मागे. नुकतंच आपण ०.१ मिलिमीटरच्या चुकीने काय होतं ते पाहिलं; इथे ती पाचपट आहे. दोन पातळ्यांचे फोकस वेगळे झाल्यामुळेच कडेच्या आडव्या रेषा टिकतात आणि उभ्या मोडतात. सेन्सरच्या मागे पडलेला हा फोकस पुढे आणायचा तर मध्य बिघडवावा लागतो. अनंतावर असताना तर कडेला अनंताच्याही पलीकडे पाहायची वेळ येते, आणि तिथे पाहण्यासारखं काही नसतं.

हेच गणित पन्नास मिलिमीटरच्या लेन्सला लावलं की चित्र पालटतं. तिचे किरण कडेला जेमतेम २० अंशांचे, आणि सरकणं एका पातळीत ०.०५ च्या आत, दुसऱ्या पातळीत ०.१३ च्या आसपास. अॅपर्चर एकदोन घरं लहान केलं की ते झाकलं जातं. म्हणून ५०, ७५, ९० मिलिमीटरच्या जुन्या लेन्स कोणत्याही मिररलेसवर बिनधास्त वापराव्यात. भांडण आहे ते २८, २१ आणि १५ मिलिमीटरशी, आणि काही ३५ शी.

कडेला आणखी एक गोष्ट होते. सेन्सरचा प्रत्येक प्रकाशबिंदू लहानशा विहिरीच्या तळाशी असतो आणि त्याच्या तोंडावर सूक्ष्म भिंग. तिरपा किरण तळापर्यंत पोचत नाही, किंवा शेजारच्या रंगाच्या विहिरीत पडतो. त्यामुळे कडा काळवंडतात आणि त्यांवर जांभळट झाक चढते. लायकाने कडेची सूक्ष्म भिंगं किंचित सरकवून बसवली आणि लेन्सच्या माउंटवर सहा खुणांची सांकेतिक ओळख कोरली, म्हणजे कॅमेऱ्याला लेन्स कळावी आणि त्याने रंग दुरुस्त करावेत. २०१५ च्या सोनी ए७आर २ मध्ये प्रकाशबिंदू तारांच्या वर आले, विहीर उथळ झाली, आणि ही झाक बरीच ओसरली. जाड काच मात्र तशीच राहिली.

मग काच पातळ करायची. खरा बदल म्हणतात तो हाच. अमेरिकेतल्या कोलारी व्हिजनसारख्या कार्यशाळा हे काम करून देतात, आणि मूळ काचेच्या जागी अतिशय पातळ काच बसवतात. कृती सांगायला सोपी आहे. कॅमेऱ्याची पाठ उघडायची, पट्ट्यांसारख्या तारा सोडवायच्या, सेन्सर बाहेर काढायचा, पुढचा थर काढून पातळ अवरक्तरोधक काच लावायची. पण एवढ्यावर सोडलं तर कॅमेरा पूर्ण बिघडलेला असेल. २ मिलिमीटर जाऊन ०.८ आले, म्हणजे १.२ मिलिमीटर काच कमी झाली. त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटरने प्रकाश आता अलीकडे एकवटतो. सेन्सर तेवढाच पुढे आणावा लागतो, आणि तोही सगळ्या कोपऱ्यांत सारखा. छत्तीस मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरला ०.०५ मिलिमीटरचा कल आला, तरी उघड्या अॅपर्चरला घाटाची एक बाजू दुसरीपेक्षा मऊ दिसू लागते. सेन्सर उघडा असताना शिरलेला एक कणही प्रत्येक चित्रात काळा ठिपका होऊन बसतो. म्हणून हे टेबलावर बसून करायचं काम नाही.

काच फार पातळ केली तरी किंमत मोजावी लागते. सिलिकॉनला माणसाच्या डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरणही दिसतात. लायकाने एम८ मध्ये फक्त ०.५ मिलिमीटरची काच ठेवली आणि तीतून हे किरण निसटले. काळं कृत्रिम कापड जांभळं येऊ लागलं. शेवटी कंपनीने ग्राहकांना लेन्सच्या तोंडावर लावायची अवरक्तरोधक फिल्टरं पुरवली. थंडीतल्या पहाटे घाटावर काळी जाकिटं किती असतात ते पाहिलं, की या चुकीचं वजन कळतं.

कॅमेरा न उघडता एक मधला उपायही आहे. रुंद लेन्सच्या पुढे फिल्टरच्या चौकटीत अतिशय सौम्य बहिर्वक्र काच लावतात. ती कडेच्या फोकसची वक्रता बरीच सावरते. सगळं दुरुस्त होत नाही, पण हजारो रुपये आणि कॅमेऱ्याची हमी पणाला लावण्याआधी मी हा प्रयोग करून पाहीन.

गल्लीत शिरलं की प्रश्न बदलतात. जुन्या रेंजफाइंडर लेन्स साधारण ०.७ ते १ मीटरच्या आत फोकस होत नाहीत. कॅमेऱ्याच्या खिडकीला त्याहून जवळ मोजताच येत नसे. वाड्याच्या उंबऱ्यावर बसलेल्या माणसाचा चेहरा चौकटभर घ्यायचा तर हे अंतर नडतं. इथे मिररलेस कॅमेरा जुन्या लायकापेक्षाही सरस ठरतो. पेचाने लांबणारा अॅडाप्टर लावला, की तीच लेन्स चार-सहा मिलिमीटर पुढे सरकते आणि हातभर अंतरावर येऊन पाहते. सोव्हिएत ज्युपिटर-१२ सारख्या लेन्सच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी. तिची मागची काच इतकी खोल आत जाते, की बसवण्याआधी कॅमेऱ्यातली जागा मोजलीच पाहिजे.

काशीच्या वाड्यातल्या चौकाचा उजेड वरून, भिंतींवर आपटत, मऊ होऊन खाली येतो. ‘अपराजितो’ या चित्रपटासाठी काशीतल्या घराचा चौक स्टुडिओत उभारला, तेव्हा छायाचित्रकार सुब्रत मित्रांनी वर पांढरं कापड ताणून त्यावरून प्रकाश परतवला होता, तो याच उजेडासाठी. अशा ठिकाणी बेर्टेलेचीच १९३२ ची ५० मिलिमीटर एफ १.५ सोनार मला सर्वांत प्रिय आहे. तिच्यात सात काचा आहेत, पण तीन गटांत चिकटवलेल्या, त्यामुळे हवा आणि काच यांच्या सीमा फक्त सहा. लेप नसलेल्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. सहा सीमांतून ७८ टक्के पार होतो. झाइसचे अलेक्झांडर स्माकुला यांनी लेपाची पद्धत शोधली ती १९३५ मध्ये. त्याआधी इतक्या कमी सीमा ही मोठीच कमाई होती. उगवत्या सूर्यासमोरही ती म्हणूनच टिकते. सोनारचा एक हट्ट आहे : अॅपर्चर बदललं की तिचा फोकस थोडा मागे सरकतो. रेंजफाइंडरच्या खिडकीला हे कळत नाही, सेन्सरवरची मोठी केलेली प्रतिमा पाहणाऱ्याला लगेच कळतं. ज्या अॅपर्चरवर चित्र घ्यायचं त्याच अॅपर्चरवर फोकस करायचा.

कार्तिक पौर्णिमेला देवदिवाळीत पंचगंगा घाटावरचा अहिल्याबाई होळकरांनी उभारलेला सहस्रदीपस्तंभ उजळतो, तेव्हा शेवटची परीक्षा. अंधारातला दिव्याचा ठिपका लेन्सचं काहीच लपवू देत नाही. ठिपका मध्याला गोल आणि कडेला पंख फुटलेला दिसला, तर अॅपर्चर लहान करून पाहावं. फोटो एफ ५.६ वरही तसाच आला, तर दोष काचेच्या थराकडे शोधावा. एकाच बाजूला पंख असतील तर सेन्सर किंवा अॅडाप्टर तिरका आहे. आणि सगळे ठिपके धुरकट कोंदणात बसल्यासारखे आले, तर लेन्स आतून तपासावी. पावसाळी दमटपणात जुन्या काचांवर बुरशी धरते. सिलिका जेलच्या डब्यात ठेवण्याला पर्याय नाही.

कोणी मला खरेदीचा क्रम विचारला, तर मी सांगेन : आधी ५० मिलिमीटरची एक लेन्स आणि मोजून घेतलेला अॅडाप्टर, वर्षभर फक्त तेवढंच. रुंद लेन्सची ओढ टिकली, तर पुढची सौम्य काच. आणि त्यानंतरही २८ किंवा २१ वरच मन बसलं असेल, तरच सेन्सर उघडायचा. तो मात्र रोजच्या कॅमेऱ्याचा नको, जुन्या बाजारातून घेतलेल्या दुसऱ्या ए७ चा उघडावा. कारण कॅमेऱ्याच्या स्वतःच्या नव्या लेन्स २ मिलिमीटर काच गृहीत धरून घडवलेल्या असतात, आणि ती काच गेल्यावर त्यांच्या कडा पूर्वीइतक्या नीट येत नाहीत.